एचआयव्ही, शुगर आणि वाढतं वय : डॉक्टरांपासून लपवू नका

समजा, घरातल्या चाचांचं वय पंचावन्न. कित्येक वर्षांपासून एआरटी सेंटरच्या गोळ्या चालू आहेत, तब्येत चांगली आहे. आता शुगर निघाली. ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, पण एचआयव्हीचं नाव काढलं नाही. "लोक काय म्हणतील?" ही भीती आम्ही समजू शकतो. पण धोका इथूनच सुरू होतो.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा तिशीत असलेले आज पन्नाशीत आहेत. वेळेवर सुरू करून नियमित औषध घेणारे आता जवळजवळ इतरांइतकंच जगतात. मात्र त्यांना हृदय, किडनी आणि हाडांचे आजार थोडे लवकर गाठू शकतात. विषाणू दबलेला असला तरी शरीरात बारीक सूज राहते, आणि तिचा त्रास रक्तवाहिन्यांना होतो.

आता गोळ्यांचं बघू. सध्या बहुतेकांना दिल्या जाणाऱ्या एकत्रित गोळीत डोल्युटेग्राव्हिर असतं. त्यामुळे शुगरच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून डॉक्टर मेटफॉर्मिन साधारण दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. पण त्यांना माहीतच नसेल तर?

अॅसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधांनी एचआयव्हीची गोळी नीट शोषली जात नाही. गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. जेवणासोबत घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात.

त्याच गोळीतलं टेनोफोव्हिर काहींच्या किडनीवर परिणाम करतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक आणून खाणं त्यामुळे जास्तच घातक.

रमजानमध्ये ही दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर रोज ठरलेल्या वेळी घेता येते. वेळ बदलण्याआधी सेंटरमध्ये विचारा. शुगरही असेल तर रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवाच.

चाळिशीनंतर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन नियमित तपासा. तंबाखू, बिडी सोडा, रोज चाला. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलही विचारा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचआयव्ही असलेल्या ४० ते ७५ वयाच्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन दिलं, तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघातासारखे गंभीर प्रकार ३५ टक्क्यांनी कमी झाले.

राहिली गुप्ततेची गोष्ट. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही माहिती इतरांना सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचारही नाकारता येत नाहीत. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला.

शेजाऱ्यांना सांगायचं की नाही, हा तुमचा हक्क. पण डॉक्टरांसमोर सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा. आणि घरातल्या मुलांनो, अब्बांना, चाचांना, खालाला एकटं पाठवू नका. ती पिशवी घेऊन सोबत जा.