दिवाळी अंकातली प्रेमकथा : आपण ती का वाचतो?



सोयाबीन घरात आले, कपाशीचा पहिला वेचा सुरू झाला, की दिवाळीची चाहूल लागते. घराची सारवण-रंगोटी, चिवडा-करंज्या, लेकीबाळींची वाट. याच दिवसांत वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या दुकानांत रंगीत मुखपृष्ठांचे दिवाळी अंक येऊन बसतात. त्यांतल्या बऱ्याच अंकांत एक मोठी प्रेमकथा असते. कथेपेक्षा लांब, कादंबरीपेक्षा आखूड. तिला लघुकादंबरी म्हणतात. दोन दुपारी वाचून संपते.

गटाच्या बैठकीला आम्ही गावोगाव जातो. काही घरी पाहतो, ग्रामगीता फळीवर मानाने ठेवलेली असते आणि प्रेमकथेचा अंक उशीखाली लपवलेला असतो. कोणी विचारले, "काय वाचून राहिली वं?" की बाई म्हणते, "काही नाही, पाककृती पाहून राहिली." चोरी केल्यासारखी ही लपवाछपवी का? या कथांत असे काय असते, की दिवसभर राबून आलेली बाई झोप सोडून त्या वाचते? आणि वाचताना आपण काय सांभाळावे? आज यावरच बोलू.

सण आणि गोष्ट यांची जोडी

सणाला गोष्टींचा खास अंक काढायची चाल तशी जुनी. विलायतेत नाताळच्या सणाला अशा गोष्टी निघत. चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाची नाताळची प्रसिद्ध छोटी कादंबरी १८४३ सालच्या डिसेंबरात, ऐन सणाच्या तोंडावर बाजारात आली. आजही तिकडे दर नाताळला प्रेमकथांची छोटी पुस्तके निघतात. बर्फ पडतो आहे, शहरातली मुलगी सणाला गावी आली आहे, जुना ओळखीचा मुलगा भेटतो, आणि सण संपायच्या आत दोघांचे जमते. गोष्ट जवळजवळ तीच, तरी बाया ती दरवर्षी घेतात.

मराठीत ही सुरुवात १९०९ साली झाली. काशिनाथ रघुनाथ आजगावकर, जे 'का. र. मित्र' या नावाने ओळखले जात, त्यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची परंपरा तिथून धरतात. म्हणजे तिला शंभरावर वर्षे झाली.

दिवाळीच का निवडली असेल? कारण साधे आहे. पीक हाती आलेले असते, नोकरदाराच्या हातात चार पैसे असतात. शाळेला सुट्टी असते. माहेरी आलेल्या लेकीला दुपारी थोडी उसंत मिळते. दुकानदार आणि कंपन्या सणाला जाहिराती देतात, त्यातून अंकाचा खर्च निघतो. वाचणारी मोकळी, घेणाऱ्याकडे पैसे, छापणाऱ्याला जाहिरात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतात, म्हणून हे अंक टिकले.

सण लेखकाला काय देतो?

प्रेमकथा लिहिणाऱ्याला एक अडचण असते. दोन माणसांना एका जागी आणायचे कसे? सण हे काम फुकटात करून देतो. दिवाळीला मुंबईचा मुलगा गावी येतो, भाऊबीजेला लेक माहेरी येते, रुसलेली वहिनीसुद्धा एका पंगतीला बसते. कोणाला भेटायला बहाणा शोधावा लागत नाही.

दुसरे, सणाला मुदत असते. वसुबारसेला भेट झाली आणि भाऊबीजेनंतर गाडी पकडायची आहे, म्हणजे जे बोलायचे ते पाच-सहा दिवसांत बोलले पाहिजे. म्हणून गोष्ट रेंगाळत नाही.

तिसरे, शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असते. तुम्ही म्हणाल, मग वाचण्यात मजा काय? पण शेवट माहीत असला की मन निर्धास्त होते. आपल्या रोजच्या जगण्यात शेवट माहीत नसतो. पाऊस येईल का, कापसाला भाव मिळेल का, कर्जाचा हप्ता निघेल का, काही सांगता येत नाही. निदान एका गोष्टीत तरी सगळे ठीक होणार, याची हमी मिळते.

कोणी लिहिल्या, कोणी अडवल्या

मराठीत प्रेमकथेला मोठा वाचक मिळवून दिला तो ना. सी. फडके यांनी. त्यांच्या मागून चंद्रकांत काकोडकर आले. राजेश खन्ना आणि मुमताज यांचा 'दो रास्ते' सिनेमा पुष्कळ जणींनी पाहिला असेल. तो काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवर निघाला. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे अशा लेखिकांनी तर बायकांसाठीच जणू वाचनाचे एक घर बांधले. सासर, माहेर, नोकरी, न जुळलेले लग्न, हे सगळे त्यांच्या पुस्तकांत आले. गावच्या वाचनालयात त्यांची पुस्तके हाताळून हाताळून जीर्ण झालेली दिसतात.

पण या कथांवर राग धरणारेही होते. काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला. स्त्री-पुरुष संबंधाचा नुसता उल्लेखच अश्लील धरला तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, अशा अर्थाचे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे दिवाळी अंकातल्या एका प्रेमकथेसाठी देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाला विचार करावा लागला.

त्याच १९६९ साली आपल्या वर्ध्यात मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते पु. शि. रेगे. त्यांची 'सावित्री' ही छोटी कादंबरी १९६२ चीच. ती सगळी पत्रांतून सांगितली आहे, आणि पत्रे लिहिते ती एक तरुण बाई, तिला आवडलेल्या माणसाला. तिला मराठीतली मोठी कलाकृती मानतात. दोन्ही कथा एकाच सालच्या, दोन्ही प्रेमाच्या. एक कोर्टात गेली आणि दुसरीच्या लेखकाला संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. दोन्हींची जात वेगळी, हे खरे. पण प्रेमकथा म्हटली की ती हलकीच, असे सरसकट म्हणता येत नाही, एवढे यातून कळते.

बाई त्यात काय शोधते?

अमेरिकेत जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक बाई आहेत. प्रेमकथा वाचणाऱ्या साध्या घरच्या बायांशी बोलून त्यांनी एक पुस्तक लिहिले. ते १९८४ साली आले. त्यांना वाटले होते, बाया गोष्टीबद्दल बोलतील. पण बाया वाचण्याबद्दल बोलल्या. हातात पुस्तक असले की तेवढा वेळ माझा असतो, घरच्यांना कळते की आत्ता हिला हाक मारायची नाही, असे त्यांचे म्हणणे.

हे आपल्याला परके वाटत नाही. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, मग वावर, परत आल्यावर पुन्हा चूल. सगळ्यांच्या जेवणाची काळजी बाई घेते. तिची काळजी कोण घेते? प्रेमकथेत नायिकेला कोणीतरी विचारते, 'तू जेवलीस का? दमलीस का?' आमच्या गटातल्या एका ताईने हे नेमके सांगितले. ती म्हणाली, "मले तो हिरो-बिरो नाही पाहिजे बाप्पा. पण कोणी एवढं विचारते, ते वाचून बरं वाटते."

आणखी एक कारण आहे. मनातले बोलायला शब्द लागतात. आपल्याला 'भूक लागली', 'पाय दुखतात' हे सांगता येते. 'मला एकटे वाटते', 'तुम्ही चारचौघांत बोललात ते लागले' हे सांगताना जीभ अडते. कथेतल्या बाया हे बोलतात. त्यांचे ऐकून ऐकून आपल्यालाही बोलता येऊ लागते. हा फायदा लहान नाही.

डोळे उघडे ठेवून वाचू या

आता दुसरी बाजू. गोष्ट गोड आहे म्हणून तिच्यातले सगळेच गोड मानू नये. वाचताना चार प्रश्न मनात ठेवावेत.

पहिला : नायकाचा राग प्रेम म्हणून दाखवला आहे का? पुष्कळ कथांत तो ओरडतो, संशय घेतो, हात धरून ओढतो आणि शेवटी पश्चात्ताप करतो. कथेत हा बदल चार पानांत होतो. घरात तसा होत नाही. हात उचलणारा नवरा आपल्या सहनशक्तीने सुधारेल, ही आशा बाईला महागात पडते. अशा वेळी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

दुसरा : पैसा कुठून आला? कथेत नायकाचा बंगला असतो, कर्ज नसते. हुंड्याचा विषय निघतच नाही. खऱ्या लग्नात तो आडून आडून निघतो, आणि १९६१ पासून तो गुन्हा आहे.

तिसरा : लग्नानंतर नायिकेच्या शिक्षणाचे, नोकरीचे काय झाले? सुखी शेवटासाठी तिने सगळे सोडले असेल, तर ते सुख नेमके कोणाचे, हे आपल्या मुलींशी बोलावे.

चौथा : या कथेत आपण आहोत का? कथेतली दिवाळी बहुतेक पुण्या-मुंबईची असते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि भेट मिळते. आपल्याकडे त्या दिवशी गायगोधन असते, गायी सजवतात. कापूस वेचणारी, मजुरीला जाणारी नायिका या अंकांत क्वचितच भेटते. तिलाही प्रेम असते, तिलाही रुसवा असतो. ती गोष्ट तुमच्यापैकीच कोणीतरी लिहायला हवी.

मुलींच्या बाबतीत एक सांगणे. आता प्रेमकथा मोबाईलवर येतात, भागाभागाने. काही ॲपवर पुढचा भाग उघडायला पैसे लागतात, तिकडे लक्ष असू द्या. पण मोबाईल हिसकावून घेतल्याने मुलगी वाचायची थांबत नाही, फक्त आपल्याला सांगायची थांबते. तिने वाचलेली गोष्ट आपणही वाचावी आणि विचारावे, 'हा पोरगा तुला कसा वाटला?' या एका प्रश्नातून आई-लेकीत जे बोलणे होते, ते दहा उपदेशांतून होत नाही.

गटाने काय करावे?

दिवाळी अंक आता स्वस्त राहिले नाहीत. एकटीने घेणे जड जाते. दहा जणींनी प्रत्येकी साठ रुपये काढले तर सहाशे होतात, त्यात दोन अंक येऊ शकतात. ही वर्गणी बचतीतून घेऊ नये. ती वेगळी ठेवावी आणि वेगळ्या पानावर लिहावी, म्हणजे हिशोबात घोळ होत नाही. प्रत्येकीकडे अंक आठ-आठ दिवस फिरवला, तर संक्रांतीच्या सुमारास तो सगळ्यांचा वाचून होतो. दिवाळी उलटल्यावर उरलेले अंक पुष्कळदा कमी किमतीत मिळतात, घाई नसेल तर थांबावे.

गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर आधी तिथे जावे. १९६७ च्या कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. ते आपल्याही पैशाचे आहे. तिथे गटातल्या दोघी-तिघींनी सभासद व्हावे आणि बायकांना हवी ती पुस्तके मागावीत. मागणी वहीत नोंदवली, की पुढच्या खरेदीत तिचा विचार होतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? बैठकीचे कामकाज, वसुली, सह्या-अंगठे झाले की वीस मिनिटे एकीने मोठ्याने वाचावे. गोष्ट ऐन रंगात आली की थांबावे, उरलेली पुढच्या बैठकीला. एका गावात हे सुरू केल्यापासून उशिरा येणाऱ्या बाया वेळेवर येऊ लागल्या, कारण कोणालाच मधला भाग चुकवायचा नव्हता. वाचून झाले की वरचे चार प्रश्न घ्यावेत. एखादी गप्प राहणारी बाई अशा वेळी नायिकेचे नाव घेऊन स्वतःबद्दल बोलून जाते. तिला बोलू द्यावे, आणि तिचे बोलणे बैठकीबाहेर नेऊ नये.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा अंक उशीखाली ठेवू नका. फळीवर ठेवा. घरच्यांनी विचारले तर सांगा, गोष्ट वाचते आहे, अर्धा तास लागेल. तुमच्या गटाने कोणती कथा वाचली, त्यावर काय वाद झाला, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात ते सगळ्यांना ऐकवू.

दिवाळीच्या शुभेच्छा. नमस्कार.