भटजी नको, पण कलम हवे

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका पायलट जोडप्याचे लग्न मुळात झालेच नव्हते असे ठरवले आणि सप्तपदी पुन्हा चर्चेत आली. त्या प्रकरणात एका समितीचा दाखला होता, उत्तर प्रदेशातली सरकारी नोंदणीही होती. नव्हता तो फक्त विधी. निकाल रास्तच आहे. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो, न झालेले लग्न ती घडवू शकत नाही. पण आपल्याकडे त्याचा अर्थ ‘होम नाही तर लग्न नाही’ असा लावला जाऊ लागला, आणि त्यात सगळ्यात आधी अडचणीत येतात ते समजून-उमजून भटजीविना लग्न करणारे.

हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ होमाची सक्ती करत नाही. वर किंवा वधू, कोणत्याही एका बाजूच्या रूढीनुसार विधी झाला की पुरे. मेख ‘रूढी’त आहे, कारण ती दीर्घकाळ, अखंड आणि सारखी पाळली गेल्याचे सिद्ध करावे लागते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी भटजीविना लग्ने लावायला सुरुवात केली. दीडशे वर्षे पुरेशी नाहीत का? मला तरी पुरेशी वाटतात. पण न्यायालयात माझे वाटणे चालत नाही. १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यात पहिली बायको हयात असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न लावणारा गृहस्थ सुटला. होम व सप्तपदी झाली नव्हती आणि त्यांच्याविना लग्न लागते अशी रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणजे दुसरे लग्न कायद्याने लागलेच नाही, मग द्विभार्येचा गुन्हा कुठला? विधीबद्दलची संदिग्धता अशी बहुधा नवऱ्याच्याच पथ्यावर पडते.

तमिळनाडूने ही पळवाट बुजवली. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ मध्ये या कायद्यात कलम ७-अ घातले: नातेवाईक, मित्र किंवा इतर कोणासमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे दोघांनी सांगावे, किंवा हार, अंगठी घालावी, किंवा ताली (मंगळसूत्र) बांधावी; लग्न लागले. आधी झालेल्या अशा लग्नांनाही त्याने मान्यता दिली. २००१ च्या नागलिंगम खटल्यात नवऱ्याने सप्तपदीचीच सबब सांगितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ७-अ वर बोट ठेवून त्याला दोषी ठरवणारा निकाल कायम केला. न्यायालय तेच, बचाव तोच. फरक एका कलमाचा. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रालाही असे करता येईल. ऊठसूट फुल्यांचे नाव घेणाऱ्या आपल्या विधानसभेला हे सुचू नये, याचे नवल वाटते.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे ‘विशेष विवाह कायदा आहे की’. आहे, आणि तो समजतात तेवढा रुक्षही नाही. कलम १२ नुसार विवाह अधिकारी जादा शुल्क घेऊन वाजवी अंतरावरच्या मंडपातही येऊ शकतो; विधी कोणताही चालतो. अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे वाक्य दोघांनी उच्चारले की झाले. खरी अडचण त्याआधीच्या तीस दिवसांत आहे. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी ती घरच्यांना दिलेली आयती वर्दी ठरते. सत्यशोधक पद्धतीकडे वळणाऱ्यांत अशी जोडपी असतातच. मग महाराष्ट्रात ७-अ आणले तर पळून जाणाऱ्यांचे फावेल, ही ओरडही होईल. सज्ञान माणसांनी जाहीर गाजावाजा न करता लग्न करणे हा गुन्हा नव्हे. ७-अ खालच्या लग्नाला जाहीर समारंभ लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलेच आहे. फसवणुकीची भीती असेल तर साक्षीदारांची अट घालावी.

तोवर यंदा लग्न करणाऱ्यांनी निदान दोन गोष्टी पाळाव्यात. विशेष विवाह कायद्याखाली जायचे तर नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवे आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले पाहिजे. हॉलची तारीख त्या हिशेबाने धरावी. हिंदू विवाह कायद्याखालीच सत्यशोधक लग्न करायचे असेल, तर वधू-वरांनी म्हटलेल्या मंगलाष्टकांपासून शपथेपर्यंत सगळा विधी लेखी ठेवावा, चित्रित करावा, आणि नोंदणीच्या अर्जात पुरोहिताच्या रकान्यात विधिकर्त्याची सही न विसरता घ्यावी.