रोजच्या कुंचल्याचा हिशेब

हातात दिवा घेतलेली, जांभळ्या साडीतली ती स्त्री आपण प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेली आहे. जुन्या कॅलेंडरवर, दवाखान्याच्या भिंतीवर, आणि आता दर दिवाळीला मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांमध्ये. एका हातात दिवा, वाऱ्याला आडोसा म्हणून पुढे धरलेला दुसरा हात, आणि त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. खाली नाव छापलेले असते राजा रविवर्मा यांचे.

ते चित्र रविवर्मा यांचे नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हळदणकरांची कन्या गीता या चित्रासाठी दिवा घेऊन उभी राहिली होती. रविवर्मा 1906 मध्येच निवर्तले. म्हणजे नुसती सनावळी पाहिली तरी हा घोटाळा मिटायला हवा. तो मिटत नाही, याचे कारण मला आपल्या चित्र पाहण्याच्या सवयीत दिसते. आपण चित्र पाहतो, नाव वाचतो आणि पुढे जातो. ते केले कसे, हा प्रश्न आपल्या कलाविषयक लेखनातही क्वचितच येतो. तो आला असता तर रंगांनीच साक्ष दिली असती. रविवर्मा यांची ओळख तैलरंगांची, आणि हे चित्र आहे जलरंगातले.

जलरंगात हे चित्र करणे म्हणजे काय, ते थोडे खोलात जाऊन सांगायला हवे. तैलरंगात गडदावर फिका रंग चढवता येतो. काळोख आधी रंगवून शेवटी ज्योतीवर पांढऱ्या-पिवळ्याचा एक जाड ठिपका ठेवला की दिवा पेटतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. ज्योतीची जागा पहिल्या क्षणापासून राखून ठेवायची आणि उजेडाकडून अंधाराकडे सरकत जायचे. भोवतीचा काळोख एकावर एक वॉश देत गहिरा करायचा, पण तो मळकट होऊ द्यायचा नाही. बोटांच्या कडेची लाली खालचा रंग ओला असतानाच सोडायची. वाळल्यावर सोडली तर कड कापल्यासारखी दिसते. अशा मोठ्या चित्रात चूक झाली तर ती झाकायला जवळजवळ काहीच नसते.

अशी पकड एका चित्रापुरती येत नाही. तिच्यामागे चाळीस वर्षांचे रोजचे काम असते, आणि हळदणकरांच्या बाबतीत ते तीन ठिकाणी चाले: उघड्यावरची निसर्गचित्रे, समोर माणूस बसवून केलेली व्यक्तिचित्रे, आणि क्लास. ते 1882 मध्ये जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि 1908 मध्ये त्यांनी स्वतःची कलासंस्था मुंबईत सुरू केली. म्हणजे दिव्याचे चित्र झाले तेव्हा त्यांच्या शिकवण्याला पस्तीस वर्षे उलटून गेली होती. चरित्रांच्या टिपणांत पदके आणि प्रदर्शने पुढे असतात, क्लास एका ओळीत उरकतो. माझ्या मते तो मध्यभागी असायला हवा.

आधी निसर्गचित्र. मी कर्वेनगरला राहतो. राजाराम पूल ओलांडला की विठ्ठलवाडी, तिथे नदीकाठी रविवारी सकाळी चित्रकार बसलेले दिसतात. त्यांच्या भाषेत ‘आउटडोअर’. मी स्वतः कुंचला धरत नाही. पाहत उभा राहतो. एप्रिलमध्ये साडेसात ते नऊ एवढाच वेळ कामाचा. सावल्या लांब असतात, भिंतीचा उजेडातला आणि सावलीतला भाग वेगळा कळतो. नऊनंतर ऊन सपाट होते. या दीड तासात सावली एका जागी राहत नाही, म्हणून जाणकार माणूस ती आधी ठरवून टाकतो आणि नंतर सूर्याने काय केले याकडे लक्षच देत नाही. उन्हाळ्यात वॉश बघता बघता वाळतो, पावसाळ्यात वाळतच नाही. एकाच माणसाला जूनमध्ये हात बदलावा लागतो. आकाशाचा रंग उतरत असताना कागद किती तिरका धरायचा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो त्यात पाणी किती, हे मनगटाला कळावे लागते. पुस्तकात ते लिहिलेले असते, पण तिथून मनगटात उतरत नाही.

व्यक्तिचित्रात घड्याळ समोरच्या माणसाच्या अंगात असते. वीसपंचवीस मिनिटांत मान खाली येते, ओठ सैल पडतात, डोळ्यांतले लक्ष जाते. साम्य साधण्याइतकेच हे लक्ष टिकवून धरणे महत्त्वाचे, म्हणून चांगला व्यक्तिचित्रकार बोलका तरी असतो किंवा फार भरभर काम करतो. इथे निसर्गचित्राची सवय कामी येते: हनुवटीखाली सदऱ्याचा रंग परावर्तित होतो तो, नदीचे पाणी घाटाच्या दगडावर पडताना पाहिलेल्यालाच चटकन दिसतो. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रे आहेत. नाटकाला गेलात तर पाच मिनिटे आधी जा आणि कापड कसे रंगवले आहे ते बघा.

आणि क्लास. हा पोटापाण्याचा भाग, म्हणून कमी प्रतीचा, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. महादेव विश्वनाथ धुरंधरांचे उदाहरण त्याविरुद्ध जाते. 1890 मध्ये ते विद्यार्थी म्हणून जे. जे.त आले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि 1931 मध्ये निवृत्त झाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. इतक्या मोठ्या चित्रकाराने आपले आयुष्य शाळेच्या वर्षांनी मोजले! याच काळात त्यांनी पोस्टकार्डे, जाहिराती, पुस्तकांतली चित्रे आणि रस्त्यावरच्या माणसांची असंख्य रेखाटने केली. शिकवणाऱ्याला रोज दुसऱ्याच्या चुका दुरुस्त कराव्या लागतात आणि त्यासाठी आपण काय करतो ते शब्दांत सांगावे लागते. सांगताना हात आपोआप तपासला जातो.

आजच्या कार्यशाळेत याच क्लासला प्रेक्षक मिळाले आहेत. ‘प्रात्यक्षिक’ हा आपल्याकडे आता जवळजवळ स्वतंत्र प्रकार झाला आहे: दोन तास, समोर पन्नास माणसे, आणि चित्र फसले तर सगळ्यांदेखत. मिलिंद मुळीक यांच्यासारख्या पुण्याच्या चित्रकारांमुळे जलरंग शिकायला नोकरदार, निवृत्त, गृहिणी असे सगळे येऊ लागले. यात एक धोका आहे, तो सांगायला हवा. प्रेक्षकांना झटपट परिणाम आवडतो; तेच झाड, तोच ओला रस्ता, तीच छत्री पुन्हा पुन्हा केली जाते. मग मनगट चालते आणि डोळा झोपतो. पुण्यात राहिलेले रवी परांजपे यांनी आपल्या पुस्तकाला ‘ब्रश मायलेज’ असे नाव दिले होते. शब्द गमतीचा आहे, पण मैल मोजायचे तर रस्ता बदलता हवा. माझ्या पाहण्यातले जे चित्रकार टिकले, ते शनिवारी शिकवतात आणि रविवारी न शिकवता नदीवर जातात.

या रोजच्या कामाचा पुरावा मात्र फार वेगाने नाहीसा होतो आहे. कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि परिसराची चित्रे वर्षानुवर्षे केली, पण हाती राहिली ती थोडीच. ही जुनी गोष्ट झाली. आज कर्वेनगर, एरंडवणे, कोथरूड इथल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना फ्रेम केलेली चित्रे नव्या फ्लॅटमध्ये जातात. रेखाटनवह्या, अर्धवट अभ्यासचित्रे, क्लासच्या हजेरीवह्या, फीच्या पावत्या रद्दीत जातात. अमुक चित्रकाराने एका महिन्यात किती वेळा उघड्यावर काम केले, किती विद्यार्थी होते, व्यक्तिचित्राला किती बैठका लागल्या, हे सांगू शकणारे कागद हेच. प्रात्यक्षिकाचे चित्र तर बहुतेक वेळा आयोजकांकडेच राहते आणि त्याच्या पाठीमागे काही लिहिलेले नसते.

धुरंधरांच्या रेखाटनांवर अनेकदा सही आणि तारीख सापडते, म्हणून त्यांचे काम आज अभ्यासता येते. विठ्ठलवाडीला भेटणाऱ्या चित्रकारांना मी हल्ली तेवढेच सुचवतो: पाठीमागे पेन्सिलने तारीख, जागा आणि किती वाजता सुरू केले ते लिहा. काही जण हसतात. दोघेतिघे लिहू लागले आहेत.