झोपलेला जिना

वीज वाचवणारे सरकते जिने बसवलेल्या एखाद्या स्टेशनवर दुपारच्या वेळी जरा उभं राहून बघा. गर्दी ओसरलेली, जिना गप्प उभा. हातात पिशव्या घेतलेली एखादी बाई येते, लांबूनच बघते, ‘बंद पडलाय मेला’ असं पुटपुटते आणि गुडघ्यावर हात ठेवत शेजारच्या साध्या पायऱ्या चढू लागते. जिना बंद नसतोच, झोपलेला असतो. आणखी चार पावलं पुढे गेली असती, तर उठला असता!

मैत्रिणींनो, गंमत अशी आहे की या जिन्याच्या तोंडाशी सेन्सर असतो. आपण जवळ गेलो की त्याला कळतं आणि मोटर हळूहळू वेग घेते. शेवटचा माणूस वर पोचला, नंतर काही वेळ कुणीच आलं नाही, की जिना पुन्हा मंदावतो किंवा थांबतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने ऑगस्ट 2008 मध्ये चार स्टेशनांवरच्या 35 जिन्यांवर हा प्रयोग सुरू केला. तिथे मिनिटाला शंभर फूट धावणारा जिना माणूस नसेल तेव्हा पंधरा फुटांवर येई. यात वीज तर वाचतेच, शिवाय साखळ्या-पट्ट्यांची झीजही कमी होते.

तसं पाहिलं तर यात नवीन काय? ‘खोलीत कुणी नाही, पंखा कुणासाठी फिरतोय?’ हे आपण घरात दिवसातून दहा वेळा म्हणतोच की! लोडशेडिंगचे ते दिवस काढलेल्या आपल्याला विजेची किंमत कुणी सांगायला नको. अर्थात सकाळ-संध्याकाळ जिथे माणसांची रीघ तुटत नाही, तिथे हा जिना झोपणार कधी आणि वाचवणार काय? त्याचा खरा उपयोग निवांत स्टेशनांवर, भरदुपारी आणि रात्री उशिरा.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. आमच्या महिला मंडळातल्या साठीच्या पुढच्या काही जणींना घेऊन मी मुद्दाम असा जिना दाखवायला गेले होते. चालता जिना बघून त्या घाबरतात, हे ठाऊक होतं. इथे उलटंच! रांगणारा जिना बघून एक मावशी धीटपणे पुढे झाल्या, तेवढ्यात त्याने वेग घेतला आणि त्या दचकून मागे सरल्या. ‘अगं, हा तर माझी वाटच बघत होता!’ बाकीच्या हसल्या, पण त्यांचा हात थरथरत होता. जिना करणाऱ्यांनी विजेचा हिशेब चोख केला, या मावशींचा कुणी केला? ‘पुढे या, जिना आपोआप सुरू होईल’ एवढी मोठ्या अक्षरांतली मराठी पाटी लावायला कितीशी वीज लागते? सुरुवातीचे काही महिने तिथे एखादी मदतनीस मुलगी उभी केली, तर जिना बसवल्याचं सार्थक होईल.

तोवर आपणच एकमेकींना सांगू या. आधी बाण बघायचा. उलट्या टोकाकडून शिरलं तर जिना त्याच्या ठरलेल्या दिशेने, म्हणजे आपल्याच अंगावर चालून येतो. वेग पूर्ण येईपर्यंत क्षणभर थांबायचं, पदर खोचायचा, निऱ्या किंचित उचलायच्या आणि कठडा धरून पायरीच्या मधोमध उभं राहायचं. दोन्ही बाजूंना खाली ब्रश दिसतात ना, ते चपला पुसायला नाहीत बरं का! पाय आणि साडीचा काठ फटीपासून लांब राहावा म्हणून ते असतात. आणि वर-खाली, दोन्ही टोकांना लाल बटण असतं. कुणाचं काही अडकलं, तर ओरडत बसायचं नाही, आधी ते दाबायचं. आमच्या मावशींनी तिसऱ्या खेपेला वर गेल्यावर पहिल्यांदा काय शोधलं असेल, तर ते बटण.