उपदिशांचीं इंग्रजी नांवें

वादळाच्या दिवसांत हवामानखात्याचें इंग्रजी निवेदन ऐकतांना सुशिक्षित गृहस्थहि एका जागीं हटकून अडखळतो. वादळ मुंबईच्या ‘साउथ-साउथवेस्ट’ला असून तें ‘नॉर्थ-नॉर्थवेस्ट’कडे सरकत आहे, असें सांगण्यांत येतें. एकच शब्द दोनदां कां यावा हें न कळल्यामुळें पुष्कळजण त्यांतला एक मनांतल्या मनांत गाळतात आणि ‘नैर्ऋत्येस असेल, वायव्येकडे जाईल’ असा अर्थ करून मोकळे होतात. ही चूक दिसावयास लहान. परंतु समुद्रकांठच्या माणसाला ती फार महाग पडण्यासारखी आहे.

आपल्या भाषेंत आठहि दिशांना स्वतंत्र नांवें आहेत. कोपऱ्यांतील दिशांचीं नांवें त्यांच्या अधिपतींवरून आलीं: ईशानावरून ईशान्य, अग्नीवरून आग्नेय, निर्ऋतीवरून नैर्ऋत्य आणि वायूवरून वायव्य. इंग्रजीची रीत निराळी. तेथें मूळ शब्द चारच: नॉर्थ, ईस्ट, साउथ आणि वेस्ट. बाकीचें सारें काम त्यांच्या जोडणीनें चालतें. ही जोडणी समजण्यास कागदाचा एक वाटोळा तुकडा पुरेसा आहे.

तो तुकडा मधोमध दुमडावा व पुन्हां एकदां मधोमध दुमडून उलगडावा. मध्यापासून निघालेल्या चार रेघा दिसतील. या चार मुख्य दिशा. पुन्हां तिसरी घडी घातली म्हणजे आठ रेघा होतात. नव्या चार रेघा हे कोपरे. त्यांचें नांव शेजारच्या दोन मुख्य दिशा जोडून होतें, आणि त्यांत नॉर्थ किंवा साउथ हा शब्द नेहमीं आधीं येतो. म्हणून ईशान्येला नॉर्थईस्ट म्हणावयाचें. ईस्टनॉर्थ असें कोणी म्हणत नाहीं. हिंदींतील ‘पूर्वोत्तर’ शब्दांत पूर्व आधीं येते, तसें इंग्रजींत चालत नाहीं.

चवथी घडी घातली कीं सोळा रेघा होतात आणि लगतच्या दोन रेघांत साडेबावीस अंशांचा कोन राहतो. खरी अडचण या नव्या आठ रेघांची. त्यांचा नियम असा: आधीं जवळची मुख्य दिशा सांगावयाची, मग जवळचा कोपरा. उत्तर व ईशान्य यांच्या मधली ती नॉर्थ-नॉर्थईस्ट. पूर्व व ईशान्य यांच्या मधली ती ईस्ट-नॉर्थईस्ट. म्हणजे पहिला शब्द पुनरुक्ति नसून, कोपऱ्यापासून कोणत्या बाजूस वळावयाचें तें सांगणारा आहे. मराठींत यांनाच उत्तर-ईशान्य व पूर्व-ईशान्य म्हणतात. पांचव्या घडीनें बत्तीस रेघा होतात. ‘नॉर्थ बाय ईस्ट’, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे एक पायरी, असलीं खलाशांचीं नांवें त्यांतलीं. ही पायरी सव्वाअकरा अंशांची असते. घरगुती उपयोगास सोळा दिशा पुरेत.

नांव कळल्यावरहि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. पहिली, मोजणी कोठून करावयाची. वादळ मुंबईच्या साउथ-साउथवेस्टला आहे म्हणजे मुंबईंत उभें राहून दक्षिण-नैर्ऋत्येकडे पाहावयाचें. वादळापासून मुंबईकडे नव्हे. दुसरी, ‘कडून’ कीं ‘कडे’. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचें नांव मिळतें. नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येऊन ईशान्येकडे जातो. वादळाची चाल मात्र तें जिकडे जातें त्या दिशेनें सांगतात.

आतां आरंभींच्या चुकीकडे वळूं. कोंकणचा किनारा दक्षिणेकडून मुंबईपर्यंत साधारणतः उत्तर-वायव्येकडेच जातो. किनाऱ्याजवळचें वादळ वायव्येकडे निघालें तर तें क्षणोक्षणीं दूर जाईल. परंतु उत्तर-वायव्येकडे निघालें तर तें किनाऱ्याच्या कडेकडेनेंच चालेल. गाळलेला एक शब्द अशा रीतीनें खोटा दिलासा देतो. ३०० किलोमीटरांच्या प्रवासांत या दोन दिशांनीं पोंचण्याच्या जागा एकमेकींपासून सुमारे ११७ किलोमीटर दूर पडतात.

याचा प्रत्यय मे २०२१ मध्यें आला. तौक्ते वादळ बव्हंशीं उत्तर-वायव्येकडे सरकत, किनाऱ्याला जवळजवळ समांतर असें गेलें आणि १७ मेच्या रात्रीं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलें. त्याचा मध्य कोंकणांत शिरला नाहीं, तरी वाटेंत त्यानें कोंकणची हानि केलीच. उलट, त्याच्या आदल्या वर्षींचें निसर्ग वादळ आधीं उत्तरेकडे चाललें होतें; तें ईशान्येकडे वळलें आणि ३ जून २०२० रोजीं दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस थेट किनाऱ्यावर आदळलें.

तेव्हां निवेदन कानीं पडतांच एकहि शब्द गाळूं नये. घडीचा कागद नकाशावर ठेवावा, उत्तरेची रेघ नकाशाच्या उत्तरेशीं जुळवावी आणि सांगितलेली रेघ बोटानें धरून पाहावी. ती रेघ आपल्या गांवाकडे येते कीं गांवाला टाळून जाते, हें घरांतल्या शाळकरी मुलालाहि सांगतां येईल.