डाव कुठे फसला, ते कळलं पाहिजे

बुद्धिबळात रमणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरवर काहीतरी खेळायचं मनावर घेतलं, की घरातला कॉलेजात जाणारा भाचा हमखास 'एज ऑफ एम्पायर्स टू' लावून देतो. "मामा, स्ट्रॅटेजी गेम आहे, तुला आवडेलच." शिफारस वाईट नाही. १९९९चा हा गेम म्हणजे सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीचा जिव्हाळ्याचा विषय. २०१९मध्ये तो नव्या रूपात परतला आणि २०२२मध्ये त्यात बंगाली, द्रविड, गुर्जर हेही आले. तरीही मामा थोड्याच वेळात वैतागतो. मेंढ्या संपल्यात, लाकूड कमी पडतंय, शत्रूचे घोडेस्वार शेतात घुसलेत, आणि हे सगळं एकाच वेळी चालू आहे.

या गेममध्ये एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. गावकरी जितके जास्त तितकी कमाई जास्त, म्हणून जाणकारांचा पहिला नियम असा की सुरुवातीला टाऊन सेंटर क्षणभरही रिकामं ठेवायचं नाही. म्हणजे दर २५ सेकंदांनी तिथे एक हुकूम द्यायचा आणि मधल्या वेळात बाकीचं राज्य सांभाळायचं. मामाची योजना कदाचित भाच्यापेक्षा सरस असेल, पण ती अमलात आणायला बोटं पळत नाहीत. हरल्यावर प्रश्न उरतोच: डोकं कमी पडलं की हात?

विचार करून खेळणाऱ्याने गेम निवडताना मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चित्रं किती देखणी, नकाशा केवढा, लोक काय खेळतायत, हे नंतर बघता येईल. हरल्यावर पाच मिनिटं शांत बसून 'माझं इथे चुकलं' असं बोट ठेवून सांगता येतं का? बुद्धिबळात येतं. एकविसाव्या खेळीला घोडा भलत्या घरात गेला, त्याची किंमत तिसाव्या खेळीला मोजली, हे डाव मागे नेऊन दाखवता येतं. 'स्ट्रॅटेजी'चा शिक्का मारलेल्या किती तरी गेममध्ये ही सोय नसते. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या, किल्ले बांधायच्या खेळांची तर गोष्टच निराळी. तिथे भिंत उभी राहायला तासन् तास लागतात आणि ते तास वाचवायचे पैसे पडतात. विचार करायला जागा फारशी नाही, वाट बघायला भरपूर.

मग घ्यावं काय? माझं मत विचाराल तर सुरुवात 'इन्टू द ब्रीच'ने करावी. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांच्या सबसेट गेम्सने तो २०१८मध्ये आणला. पट आठ बाय आठ, बुद्धिबळाएवढाच. तुमच्याकडे तीन यंत्रमानव. जमिनीतून अजस्र किडे वर येतात आणि माणसांच्या इमारती पाडतात. गंमत अशी की किडे आधी जागा घेतात, पुढचा घाव कुठे घालणार ते बाणाने दाखवतात आणि मग थांबतात. आता पाळी तुमची, आणि तिला वेळेची मर्यादा नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. एक किडा इमारतीच्या डावीकडे उभा आहे, बाण इमारतीवर. त्याला मारायला तीन ठोके लागतील, तुमची बुक्की दोनच ठोक्यांची. नवा खेळाडू इथे हताश होतो. पण बुक्की खाल्लेला किडा एक घर मागे ढकलला जातो आणि त्याचा बाण मात्र त्याच दिशेला राहतो. यंत्रमानवाला त्याच्या खालच्या घरात नेऊन बुक्की मारली की किडा वरच्या घरात जातो. आता त्याच्या उजवीकडे इमारत नाही, त्याचाच भाऊबंद उभा आहे. पाळी संपते आणि हा किडा त्याला फोडून काढतो. मारता येत नाही, तर सरकवा. हे एकदा उमगलं की सगळा पट वेगळा दिसायला लागतो. पाणी, डोंगर, दुसऱ्याची पाठ, जिथून किडे वर येतात ती बिळं, सगळंच हत्यार होतं. नशिबाचा वाटा नगण्य आहे. हरलात तर कोणत्या पाळीत काय सुचायला हवं होतं ते बहुतेक वेळा लगेच लक्षात येतं, आणि ते फार झोंबतं.

नशीब असलेले खेळ वर्ज्य समजावेत का? मुळीच नाही. पत्ते खेळणारा माणूस हे मान्यच करणार नाही. मात्र शक्यता आणि खात्री यांतला फरक पचवायची तयारी हवी. २०१२च्या 'एक्सकॉम : एनिमी अननोन'मध्ये नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते, आणि ९५ टक्के दिसत असताना गोळी हुकली की भलेभले गेमवर लबाडीचा आरोप करतात. 'सिव्हिलायझेशन'वाले सिड मायर यांनी २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये असाच अनुभव सांगितला होता. तीनास एक असं पारडं जड असताना हरलेले खेळाडू तक्रार करायचे, उलट स्वतः एकास तीन असताना जिंकले तर चकार शब्द काढायचे नाहीत. शेवटी गेमचंच गणित लोकांच्या समजुतीकडे झुकवावं लागलं. पुढे 'एक्सकॉम टू'मध्ये सोप्या पातळ्यांवर सलग नेम चुकले की पुढच्या नेमाची शक्यता गुपचूप वाढवली जाते. पडद्यावर आकडा जुनाच. हिशेबी खेळाडूने म्हणूनच सोप्या पातळीवर फार रेंगाळू नये. तिथले आकडे मनाजोगते वागतात. वरच्या पातळीवर हरल्यावर विचारायचा प्रश्नही बदलतो. गोळी का हुकली हे विचारण्यात अर्थ नाही. ती हुकली तर माणूस मरेल अशा जागी आपण त्याला उभा का केला, ते विचारायचं.

'सिव्हिलायझेशन'चं नाव या यादीत नसेल तर पत्रं येतील. १९९१पासूनचा हा कुलदैवताचा मान असलेला गेम. एक वस्ती, एक भालाईत, आणि तिथून पार अंतराळयानापर्यंत. खेळणं पाळीपाळीने, घाई नाही. मजा अफाट आहे हे मान्य. पण माझ्या कसोटीवर तो जेमतेम उतरतो. चाळिसाव्या पाळीला नदीकाठ सोडून डोंगराआड शहर वसवलं, त्याचा फटका दोनशेव्या पाळीला बसतो, आणि तोवर मधे इतकं घडून गेलेलं असतं की दोष कशाला द्यायचा ते कळत नाही. शिवाय अवघड पातळीवर कॉम्प्युटर अधिक हुशारीने खेळत नाही, त्याला सवलती मिळतात. 'सिव्हिलायझेशन सिक्स'च्या सगळ्यात वरच्या 'डेइटी' पातळीवर आपण एका वसाहतकऱ्याने सुरुवात करतो आणि प्रतिस्पर्धी तिघांनी. बरोबरीच्या मेंदूशी झुंज हवी असेल त्याला हे खटकणारच.

इतिहासाची ओढ असलेल्यांसाठी स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सचा 'युरोपा युनिव्हर्सालिस फोर' आहे. ११ नोव्हेंबर १४४४ला खेळ सुरू होतो तेव्हा दख्खनच्या नकाशावर बहामनी सल्तनत असते. तिचं पुढे काय करायचं ते आपण ठरवायचं. यात घड्याळ चालतं, पण स्पेसबार दाबला की थांबतं आणि थांबलेल्या नकाशावर निवांत हुकूम देता येतात. मामांना नकोशी वाटणारी घाई इथे नाही. पहिले काही दिवस मात्र नुसत्या खिडक्या आणि तक्ते समजून घेण्यातच जातात, आणि तेवढी चिकाटी नसेल तर सरळ नाद सोडावा. मराठेच हवेत असा हट्ट असेल, तर २००९च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठा संघराज्य घेऊन १७००पासून खेळता येतं. तिथल्या लढाया मात्र पुन्हा घड्याळाच्या.

आता पैशांचं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. 'इन्टू द ब्रीच' आवडतो की नाही हे दोन तासांत पुरेपूर कळतं. 'युरोपा'च्या बाबतीत दोन तासांत धड पहिलं युद्धही होत नाही, तेव्हा ही सोय तिथे कागदावरच राहते. असे लांबलचक गेम आधी कुणाच्या तरी लॅपटॉपवर बघून मगच घ्यावेत, आणि घेतलेच तर सेल लागल्यावर.

खिशाला अजिबात चाट नको असेल तर 'बॅटल फॉर वेसनॉथ' आहे. डेव्हिड व्हाइट यांनी २००३मध्ये सुरू केलेला, कुणालाही मोफत उतरवून घेता येणारा आणि मुक्त स्रोत असलेला गेम. दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही कुरकुरत नाही. षटकोनी घरांचा पट, पाळीपाळीची लढाई. इथे आपला नेम लागेल की नाही हे आपल्या कौशल्यापेक्षा शत्रू कुठल्या जमिनीवर उभा आहे त्यावर ठरतं. किल्ल्याच्या भिंतीत असेल तर वाचतो, पाण्यात उतरलेला असेल तर मार खातो. त्यात पुन्हा दिवस आणि रात्र. भालाईतासारखे सैनिक दिवसा २५ टक्के जास्त घाव घालतात आणि रात्री तेवढेच कमी, ऑर्क नावाच्या राक्षसी सैनिकांचं नेमकं उलटं. संध्याकाळ व्हायला आली की पुढे रेटायचं की खेड्याच्या आडोशाला मागे यायचं, हा निर्णय दर सहा पाळ्यांनी समोर येतो. कितीही जोरात असलात तरी कधी कधी मागे यावंच लागतं. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यातली 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' ही मोहीम नवख्यांसाठीच आहे, चार लढायांची. मामांनी तिथून सुरुवात करावी, आणि भाच्याने शेजारी बसून चाली सुचवू नयेत.