‘कागद दाखवा’ म्हणायला लाज कसली?

२०२४च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा विमानात बसले. धाकट्या बहिणीचं न्यू जर्सीत बाळंतपण होतं आणि आईचे गुडघे काही तिला एवढा प्रवास करू देईनात. मग डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा अशी पिशवी भरून कराडहून मीच निघाले.

तिकडच्या गमतीजमती खूप सांगता येतील, पण आज सांगणार आहे ती एका पत्राची गोष्ट.

आपल्याकडे डॉक्टरांकडे जायचं म्हणजे कंपाउंडरला सांगून नंबर लावायचा. नाही गेलो तर मागचा माणूस आत जातो, कुणाचं काही बिघडत नाही. तिकडे वेळ ठरवून घ्यावी लागते आणि न कळवता गेलो नाही, तर बऱ्याच दवाखान्यांत दंड बसतो. पहिल्या भेटीत जे चार-पाच कागद सही करायला देतात, त्यांत हेही लिहिलेलं असतं. कोण वाचतंय!

बाळ तीन आठवड्यांचं असताना मंगळवारी सकाळी दहाला बालरोगतज्ज्ञांची वेळ होती. सोमवारी उजाडताच बहिणीला दूध साठून सणकून ताप भरला. तिनं पावणेनऊच्या आधीच दवाखान्यात फोन केला. मशीन बोललं, तिनं निरोप ठेवला. बाळाला खांद्यावर घेऊन मी शेजारीच उभी होते. दवाखान्याची अट चोवीस तास आधी कळवण्याची, म्हणजे आम्ही वेळेत होतो.

तरी महिन्याभरानं ७५ डॉलरचं बिल आलंच. आपले सव्वासहा हजारांच्या आसपास! बहिणीनं फोन करून सांगितलं, पलीकडची मुलगी ‘बघते’ म्हणाली आणि आम्ही विसरून गेलो. मी परतायला महिना उरला असताना एका वसुली कंपनीचं पत्र येऊन पडलं. दवाखान्यानं ते देणं त्यांच्याकडे सोपवलं होतं.

घरात सुतकी कळा आली. बहीण रडायलाच लागली. मेहुण्यांचा चेहरा पडला. ते घरासाठी कर्ज काढायच्या खटपटीत होते. म्हणाले, “ताई, भरून टाकू. इथे एकदा नावावर डाग लागला की बँका दारात उभं करत नाहीत.”

मी म्हटलं, “डाग लागायला आपण चोरी केलीय का? आधी पत्र तर नीट वाचू.”

मी बी.ए. केलं तेही मराठी घेऊन, इंग्रजी यथातथाच. पण बचत गटाच्या बायकांबरोबर बँकेच्या पायऱ्या झिजवून एक गोष्ट शिकले आहे, की घाबरवणारा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. डिक्शनरी घेऊन बसले. खरी गंमत खालच्याच भागात होती. रक्कम कशाची, मूळ देणं कुणाचं, हे तर लिहिलेलं होतंच, पण तळाशी चक्क एक फॉर्म होता. ‘हे देणं माझं नाही’, ‘रक्कम चुकीची आहे’, अशा चौकटी होत्या. अमुक तारखेपर्यंत हरकत घ्या, असंही छापलेलं होतं.

अमेरिकेत १९७७ साली वसुली करणाऱ्यांना वेसण घालणारा कायदा झाला. त्यानुसार अशी नोटीस हाती पडल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेतली, तर देण्याचा पुरावा पाठवेपर्यंत वसुली कंपनीला तगादा थांबवावा लागतो. हरकत लेखीच हवी. फोनवर कितीही भांडलं तरी हा हक्क मिळत नाही. उलट फोनवर घाबरून ‘हो, भरतो’ म्हटलं की आपणच देणं कबूल केल्यासारखं होतं.

रात्री बाळ झोपल्यावर आम्ही दोघी बहिणी टेबलाशी बसलो. पत्र अगदी चार ओळींचं लिहिलं. ‘हे देणे आम्हाला मान्य नाही. आदल्या दिवशी फोन करून वेळ रद्द केली होती. सोबत फोनच्या बिलाची प्रत आहे. दवाखान्याच्या अटींची आमच्या सहीची प्रत पाठवावी.’ शिव्या नाहीत, रडगाणं नाही. फोनच्या बिलात सोमवारची ती वेळ स्वच्छ दिसत होती, ८ वाजून ४० मिनिटं. त्याची झेरॉक्स जोडली, अस्सल कागद घरी ठेवला. एक पत्र वसुली कंपनीला, एक दवाखान्याला, दोन्ही पोचपावतीसह पाठवली.

मेहुणे गप्प होते. चार दिवसांनी त्यांनाच ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याकडून कळलं, की तिथल्या तिन्ही मोठ्या पतनोंदणी कंपन्या एप्रिल २०२३पासून पाचशे डॉलरच्या आतली दवाखान्याची थकबाकी नोंदवतच नाहीत. म्हणजे ज्या डागाच्या भीतीनं आम्ही पैसे भरणार होतो, तो लागणारच नव्हता!

मी निघायच्या आठवड्यात दवाखान्याचं पत्र आलं. आकार रद्द केला होता. पाठोपाठ वसुली कंपनीचंही आलं, की खातं बंद केलं. बहीण म्हणाली, “ताई, तू नसतीस तर मी भरले असते गं.”

एक मात्र सांगते. ती खरंच विसरली असती, तर मी तिला तेव्हाच पैसे भरायला लावले असते. देणं खरं असेल तर फेडायचंच. भांडायचं ते खोट्या देण्याशी.

कराडला आले आणि पंधरा दिवसांत तसाच प्रसंग दारात. आमच्या भागातली एक भाजीवाली डोळे पुसत आली. तिनं गटातून घेतलेल्या कर्जाचे सगळे हप्ते भरलेले, पण वसुलीचा माणूस दोन हप्ते बाकी म्हणत होता. रात्री आठला येऊन उंबऱ्यात बसायचा, शेजारणींना ऐकू जाईल असं बोलायचा. पोरीचं लग्न ठरत आलेलं. ती म्हणाली, “ताई, कानातलं मोडते, पण हे थांबवा.”

मी म्हटलं, “कानातलं राहू दे, कार्ड आण.” हप्त्याच्या कार्डावर सगळ्या सह्या होत्या!

अमेरिकेचा तीस दिवसांचा कायदा इथे चालत नाही, पण आपल्यालाही वाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे छोट्या गटकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा तगादा करता येत नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा बाई तिथे आली नाही, तरच घरी यायचं. इतर कर्जांसाठी सकाळी आठ ते संध्याकाळी सात ही मर्यादा आहे. धमक्या देणं, चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना त्रास देणं, हे कुठल्याच वसुलीत चालत नाही.

आम्ही कंपनीच्या शाखेत लेखी तक्रार दिली, कार्डाची झेरॉक्स जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. साहेब आधी घेईनात. दहाजणी उभ्या राहिलो, तेव्हा घेतली. आठवड्यानं कळलं, की दोन हप्ते त्यांच्याच वहीत चढले नव्हते. माफी कुणी मागितली नाही, पण तो माणूस परत उंबऱ्यात बसला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, असा प्रसंग आला तर एवढं करा. आधी विचारा, पैसे कशाचे आणि हिशेब कुठे आहे? तोंडी कबूल करू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. बँका आणि बऱ्याच फायनान्स कंपन्या त्याखाली येतात, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. दुकानदार, क्लास, दवाखाना अशांबद्दल तक्रार असेल, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागतोच असं नाही.

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात दाराआड एक आकडेवाली तार टांगलेली असे. वीजबिल, दूधबिल, वाण्याची चिठ्ठी, सगळं तिला ओवलेलं. आम्ही बहिणी तिला हसायचो. परवा बहिणीचा फोन आला. विचारत होती, “ताई, ती तार अजून मिळते का गं बाजारात?”